कोलोनचा कौल आणि फोर्टातले गॉथिक

हॅम्बर्ग शहरात १८४४ साली एका चर्चच्या आराखड्यांची स्पर्धा झाली. परीक्षकांनी पहिला क्रमांक दिला गॉटफ्रीड झेम्परला. जर्मनीतला तो नावाजलेला वास्तुकार, ड्रेस्डेनचे ऑपेरागृह बांधणारा. तिसऱ्या क्रमांकावर एक इंग्रज होता, जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट, वय तेहतीस. झेम्परच्या घुमटाच्या चर्चपेक्षा हॅम्बर्गच्या लोकांना स्कॉटचा उंच, टोकदार मनोऱ्याचा आराखडा अधिक भावला. कुजबुज वाढली, तेव्हा कोलोनच्या दोन जाणकारांचे मत घ्यायचे ठरले. त्यांतला एक कोलोन कॅथेड्रलचा मुख्य स्थपती अर्न्स्ट फ्रीडरिश त्स्विर्नर आणि दुसरा त्याच कॅथेड्रलच्या ध्यासाने आयुष्य घालवलेला सुल्पीत्स बोआसरे. दोघांनीही स्कॉटच्या पारड्यात वजन टाकले. निकाल फिरला आणि काम इंग्रजाला मिळाले.

हा निकाल फिरला नसता, तर मुंबईच्या ओव्हल मैदानासमोरचा राजाबाई टॉवर कदाचित आज आहे तसा दिसला नसता. कारण हॅम्बर्गच्या चर्चने स्कॉटचे नाव युरोपभर केले, आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या सभागृहाचे, ग्रंथालयाचे आणि मनोऱ्याचे काम त्याच्याकडे आले.

मानपाडा नावाच्या दोन वस्त्या आहेत, एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, दुसरी डोंबिवलीत कल्याण-शिळ रस्त्यावर. कोणत्याही मानपाड्यातला माणूस पदवीच्या कागदांसाठी किंवा कोर्टाच्या तारखेसाठी फोर्टात गेला, की सीएसएमटीला उतरतो आणि गॉथिक शैलीतल्या टोकदार कमानींच्या जंगलातून चालू लागतो. त्याला त्यात काही वेगळे वाटत नाही. इंग्रजांनी बांधले, एवढे उत्तर पुरते. पण इंग्रजांकडे ते आले कुठून, आणि मुंबईत ते नेमके कोणाच्या हातांनी उभे राहिले, हे पाहायला गेले तर वाट आधी ऱ्हाइन नदीच्या काठी जाते.

कोलोनच्या कॅथेड्रलची पायाभरणी १५ ऑगस्ट १२४८ रोजी झाली. पहिला स्थपती मास्टर गेरहार्ड. उत्तर फ्रान्समधल्या आमियाँच्या कॅथेड्रलचा कित्ता त्याने समोर ठेवला होता. पूर्वेकडचा भाग, म्हणजे जिथे मुख्य वेदी असते तो, १३२२ मध्ये पूर्ण होऊन त्याचा अभिषेक झाला. पुढचे काम रखडत गेले आणि सोळाव्या शतकात पैसे आटले तसे थांबलेच. दक्षिणेचा मनोरा छपन्न-सत्तावन्न मीटरांवर अडला. दगड चढवायची लाकडी क्रेन त्याच्या माथ्यावर तशीच राहिली आणि शतकानुशतके ती कोलोनची खूण बनली. गावाची जुनी चित्रे पाहिली तर मनोऱ्यापेक्षा ती क्रेनच आधी नजरेत भरते.

गेरहार्डबद्दल लोकांनी एक गोष्ट रचली. त्याने म्हणे सैतानाशी पैज लावली. त्रीर गावाहून कोलोनपर्यंत पाण्याचा पाट आधी येतो की कॅथेड्रल आधी पुरे होते, अशी ती पैज. एके दिवशी परांचीवरून त्याला खाली पाटातून पोहत येणारी बदके दिसली आणि त्याने वरूनच उडी टाकली. आपल्याकडे अंबरनाथच्या शिवमंदिराचे झाले ते याहून गमतीचे. त्या मंदिरावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. त्यात शिलाहार राजा मामवाणी आहे, त्याचे अधिकारी आहेत. तरी बांधकामाचे श्रेय लोकांनी पांडवांना देऊन टाकले आणि तेही एका रात्रीच्या कामाचे. कोलोनच्या लोकांनी निदान आपल्या स्थपतीला त्याच्या नावानिशी सैतानाकडे पाठवले.

अर्धवट कॅथेड्रल पुरे करायचे तर मुळात ते कसे व्हायचे होते, हे कळायला हवे. इथे नशीब उपयोगी पडले. पश्चिमेच्या दर्शनी बाजूचा मध्ययुगीन नकाशा चर्मपत्रावर काढलेला होता, उंचीला सुमारे चार मीटर. फ्रेंच क्रांतीनंतरच्या धामधुमीत तो दोन तुकडे होऊन गायब झाला. त्याचा एक भाग १८१४ मध्ये डार्मश्टाट गावात एका खाणावळीच्या माळ्यावर सापडला आणि वास्तुकार गेओर्ग मोलरच्या हाती आला. दुसरा भाग दोन वर्षांनी बोआसरेला पॅरिसमध्ये मिळाला. दोन्ही जोडल्यावर दोन जुळे मनोरे, त्यांचा जाळीदार निमुळता माथा, प्रत्येक कंगोरा स्पष्ट दिसू लागला. पाचशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचे हे रेखाटन हाती नसते, तर एकोणिसाव्या शतकाने आपल्या मनाचे काहीतरी वर चढवले असते.

त्स्विर्नर या गोष्टीत १८३३ मध्ये आला. जन्म १८०२ चा, सायलेशियातल्या याकोब्सवाल्ड गावचा. हा मुलूख आज पोलंडमध्ये आहे. शिक्षण ब्रेस्लाऊ आणि बर्लिनला. बर्लिनमध्ये तो कार्ल फ्रीडरिश शिंकेलच्या हाताखाली होता. शिंकेल म्हणजे प्रशियाच्या सरकारी बांधकामाचा सर्वेसर्वा. कोलोनला त्स्विर्नरची नेमणूक झाली ती मोडकळीला आलेला जुना भाग सावरायला. भिंतींच्या आधाराच्या कमानी झिजल्या होत्या, दगड सुटत होते. त्याने दुरुस्ती केली, पण त्याच्या डोक्यात दुरुस्तीपेक्षा मोठे काही होते. शेकडो वर्षांपूर्वी विखुरलेली पाथरवटांची कार्यशाळा त्याने कॅथेड्रलच्या पायथ्याशी पुन्हा उभी केली. तिथे पोरसवदा गवंडी आणि पाथरवट गॉथिक कमान कशी घडवायची, फुलाचा गेंद दगडात कसा काढायचा, हे हातांनी शिकू लागले. हे कसब पुस्तकात उरले होते, हातात उरले नव्हते. त्स्विर्नरचे मोठेपण आराखड्यात फारसे नाही, कारण आराखडा गेरहार्डचा आणि त्याच्या वारसदारांचा होता. त्याचे मोठेपण या कार्यशाळेत आहे.

४ सप्टेंबर १८४२ रोजी प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म चौथा कोलोनला आला आणि काम पुढे चालू करण्याचा दगड बसवला. राजा प्रोटेस्टंट, कॅथेड्रल कॅथलिक. पण त्या काळी प्रश्न धर्माचा राहिला नव्हता. छोट्या-मोठ्या संस्थानांत विभागलेल्या जर्मन लोकांना एक देश व्हायचे होते आणि त्या स्वप्नाला दगडात काहीतरी दाखवायला हवे होते. अर्धवट कॅथेड्रल त्याला चपखल बसले. लोकवर्गणीसाठी संस्था निघाली, गावोगावी शाखा झाल्या, पुढे लॉटरीही काढली. कवी हाइन्रिश हायने आधी या कामाच्या बाजूने होता, नंतर त्याने त्याची टर उडवली. जर्मनीने आधी मोकळे व्हावे, चर्च कसली पुरी करता, असा त्याचा रोख होता.

या उत्साहात एक मजेदार गैरसमज होता. गॉथिक ही खास जर्मन शैली, असे जवळजवळ सगळे धरून चालले होते. गटेने तरुणपणी स्ट्रासबुर्गचे कॅथेड्रल पाहून तसे लिहूनही ठेवले होते. प्रत्यक्षात ही शैली बाराव्या शतकात पॅरिसजवळ साँ-दनीच्या मठात आकाराला आली. त्स्विर्नरचे काम जोरात असतानाच अभ्यासकांनी हे दाखवून दिले. म्हणजे जर्मन राष्ट्राचे स्मारक म्हणून जे उभे राहत होते त्याचे कूळ शेजारच्या फ्रान्सचे निघाले. काम मात्र थांबले नाही. एवढ्या वर्गण्या गोळा झाल्यावर कोण थांबवणार?

त्स्विर्नर स्वतः शैलीच्या बाबतीत सोवळा नव्हता. रेमागेनला ऱ्हाइनच्या काठावरच्या टेकडीवर त्याने चार मनोऱ्यांचे टुमदार गॉथिक चर्च बांधले. पण कोलोनच्या ग्लॉकेनगासे गल्लीतल्या यहुदी प्रार्थनामंदिरासाठी त्याने मूरिश घुमट निवडला. सावकार ओपेनहाइमच्या देणगीतून बांधलेले ते मंदिर १८६१ मध्ये तयार झाले आणि नोव्हेंबर १९३८ च्या नाझी दंगलीत उद्ध्वस्त झाले. कॅथेड्रलचे छत त्याने लाकडाऐवजी लोखंडी केले, मधल्या छेदावरचा लहान मनोराही लोखंडीच. बाहेरून तेरावे शतक, आतून एकोणिसावे. जुनी वास्तू पुरी करणाऱ्याने असा हिशोब मनात ठेवलाच पाहिजे, नाहीतर इमारत दिसायला जुनी आणि वागायलाही जुनी होते.

२२ सप्टेंबर १८६१ रोजी त्स्विर्नर वारला. जुना भाग आणि नवा भाग यांमध्ये शतकानुशतके उभी असलेली भिंत १८६३ मध्ये पाडली. तिच्या पलीकडून वेदीपर्यंत सरळ नजर जाताना पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. माथ्यावरची जुनी क्रेन १८६८ मध्ये उतरवली. मनोरे त्याच्या जागी आलेल्या रिशार्ड फोइग्टेलने पूर्ण केले. १५ ऑक्टोबर १८८० रोजी सम्राट विल्हेल्म पहिल्यासमोर समारंभ झाला, तेव्हा १५७ मीटर उंचीचे ते कॅथेड्रल जगातले सर्वांत उंच बांधकाम होते. त्स्विर्नरच्या कार्यशाळेत घडलेले लोक तोवर दूरवर पांगले होते. फ्रीडरिश फॉन श्मिट व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलचा मुख्य स्थपती झाला, व्हिन्सेन्स श्टात्सने ऑस्ट्रियातल्या लिन्त्सचे नवे कॅथेड्रल आखले.

हॅम्बर्गचा कौल या सगळ्याच्या सुरुवातीचा, प्रशियाच्या राजाने कोलोनला दगड बसवल्यानंतर अवघ्या दोन वर्षांचा. मे १८४२ मध्ये मोठ्या आगीत हॅम्बर्गचा मधला भाग जळाला, त्यात जुने निकोलाई चर्चही गेले. नव्या चर्चसाठी स्कॉटने आधी जर्मनीत फिरून तिथली जुनी चर्चे पाहिली आणि मग कागदावर रेघ ओढली. कोलोनवाल्यांना त्याचा आराखडा आपला वाटला यात नवल नाही. तो त्यांच्याच आवडीचा, चौदाव्या शतकाच्या वळणाचा होता. इंग्लंडमध्ये मात्र चर्चवास्तूंच्या कट्टर अभ्यासकांनी स्कॉटला फैलावर घेतले. लूथरपंथीयांसाठी चर्च बांधतो म्हणजे काय! पायाभरणी १८४६ मध्ये, प्रार्थना सुरू झाल्या १८६३ मध्ये, मनोरा पुरा झाला १८७४ मध्ये. १४७ मीटर उंचीचा तो मनोरा दोन वर्षे जगात सर्वांत उंच होता. जुलै १९४३ च्या बाँबवर्षावात चर्चचे छत कोसळले. मनोरा टिकला, आणि आज तो युद्धाची आठवण म्हणून तसाच काळवंडलेला उभा ठेवला आहे.

स्कॉटचे घर धर्मोपदेशकांचे. सुरुवातीची वर्षे त्याने गरिबांसाठीची ‘वर्कहाउस’ नावाची आश्रयगृहे बांधण्यात काढली, कारण त्या कामांना तोटा नव्हता. हॅम्बर्गनंतर चर्चांची कामे अशी आली की कचेरी कारखान्यासारखी चालू लागली. त्याच्या नावावर शेकडो कामे आहेत, इंग्लंडमधली कितीतरी जुनी कॅथेड्रले त्याने दुरुस्त केली. असे सांगतात की एकदा पहाटेच्या गाडीने तो कुठल्याशा गावी उतरला आणि लंडनच्या कचेरीला तार केली, की मी इथे कशासाठी आलो आहे? गोष्ट खरी असो वा खोटी, त्याच्या धंद्याचा पसारा तिच्यातून नेमका कळतो. लंडनला परराष्ट्र खात्याची इमारत गॉथिकमध्ये बांधायचा त्याचा हट्ट पंतप्रधान पामर्स्टनने चालू दिला नाही. तिथे त्याला इटालियन वळणाची इमारत द्यावी लागली. गॉथिकची ती हौस मग सेंट पँक्रस स्टेशनच्या हॉटेलात फिटली.

मुंबईत या सुमाराला पैसा वाहत होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ पासून लँकशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि पश्चिम भारताच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गव्हर्नर बार्टल फ्रियरने किल्ल्याचे तट पाडून टाकले. मोकळ्या झालेल्या जागेत समुद्राकडे तोंड करून सरकारी इमारतींची रांग उभी करायचे ठरले. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाला तोवर स्वतःचे छप्पर नव्हते. समारंभ टाऊन हॉलमध्ये होत. सर कावसजी जहांगीर रेडिमनी यांनी सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये आधी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मग मनोऱ्यासाठी दोन लाख दिले, अट एकच, मनोऱ्याला आईचे नाव द्यायचे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या या जैन माउलीला दिसत नव्हते, म्हणून वेळ कळावी यासाठी मुलाने घंटांचा मनोरा बांधून दिला, असे मुंबईत अजून सांगतात. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, बँका बुडाल्या आणि प्रेमचंदही बुडाले. मनोऱ्याचे पैसे तेवढे आधी निघून गेले होते.

आराखडे लंडनहून बोटीने आले. स्कॉट मुंबईत आला नाही. त्याने हिंदुस्थान कधी पाहिला नाही. सभागृहाचे आणि मनोऱ्याचे काम १८६९ मध्ये सुरू झाले. सभागृह १८७४ मध्ये तयार झाले, ग्रंथालय आणि मनोरा नोव्हेंबर १८७८ मध्ये. स्कॉट त्याच वर्षी २७ मार्चला वारला आणि वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पुरला गेला.

सभागृहात शिरले की हा माणूस चर्च बांधत बांधत मोठा झाला हे लगेच ध्यानात येते. लांबी १०४ फूट, रुंदी ४४, छत ६३ फुटांवर. टोकाला अर्धवर्तुळाकार भाग. चर्चमध्ये तिथे वेदी असती. इथे कुलपतींची बैठक. दर्शनी भिंतीत मोठी गोल खिडकी, चर्चची असते तशी, रंगीत काचांची. पण तिच्यात संत नाहीत, बारा राशी आहेत. हा बदल कोणाच्या डोक्यातून आला असेल तो असो, शहाणपणाचा होता. मेष-वृषभ-मिथुन कोणत्याही जातीच्या पदवीधराला ओळखीचे. चर्चचा साचा जसाच्या तसा आणून त्यातून ख्रिस्ती धर्म तेवढा वगळायचा, ही करामत मुंबईने केली. पैसे पारशी आणि जैन देणगीदारांचे, पदव्या घेणारे बहुतेक हिंदू आणि पारशी, आणि इमारत अशी की एखादा पाद्री चुकून आत आला तर गुडघे टेकेल. याच विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू म्हणून काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९२ मध्ये आले, पाठोपाठ रामकृष्ण गोपाळ भांडारकर. संस्कृताचे दोन गाढे पंडित आणि त्यांच्या डोक्यावर फ्रेंच वळणाची दगडी नक्षी.

कागदावरचे चर्च मुंबईच्या पावसात उभे करणे हा वेगळा उद्योग होता. तो सार्वजनिक बांधकाम खात्याच्या जेम्स फुलरने आणि त्याच्या हाताखालच्या लोकांनी केला. शेजारचे हायकोर्ट या फुलरचेच. मनोरा कुर्ल्याच्या पिवळसर दगडात चढवला. बारीक नक्षीला पोरबंदरचा मऊ दगड, कारण कोकणच्या काळ्या दगडात छिन्नी चालवता चालवता पाथरवटाचा जीव जातो. बाहेरून उघडे गोल जिने, खांबांच्या ओळी, वारा खेळेल अशा गॅलऱ्या. पावसाळ्याला आणि उन्हाला इतकी वाट करून द्यावी लागली. मनोरा २८० फुटांचा, म्हणजे ८५ मीटर. घोडबंदर रस्त्यावर आज तीस-चाळीस मजली इमारतींची कोणी दखलही घेत नाही. पण तेव्हा ओव्हलच्या पलीकडे रेल्वेचे रूळ आणि लगेच समुद्र होता, आणि बोटीतून येणाऱ्याला हा मनोरा दुरूनच दिसे.

मनोऱ्याच्या अंगावर चोवीस पुतळे आहेत, पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे. कोलोनला याच जागी प्रेषित आणि संत असतात. मुंबईच्या या पुतळ्यांचे नमुने घडवले खात्यातले सहायक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. या माणसाबद्दल मराठीत एखादे चरित्र असायला हवे होते. लंडनहून आलेल्या रेघांना पागोटी, अंगरखे, धोतराच्या निऱ्या आणि गुजरात-महाराष्ट्राचे चेहरे त्यांनी दिले. स्कॉटला हे चेहरे काढता आले नसते. त्याने ते पाहिलेच नव्हते. राजाबाई टॉवर स्कॉटचा म्हणताना हे नाव जोडीला घेतले पाहिजे, निव्वळ न्यायाची गोष्ट म्हणून नव्हे, तर इमारतीकडे नीट पाहता यावे म्हणून. खालून वर नजर नेली की एका उंचीपर्यंत युरोप आहे आणि त्याच्या वर मुकुंद रामचंद्रांची माणसे उभी आहेत.

१८७८ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात राहण्याजोगे. राजाबाई टॉवर पुरा झाला, स्कॉट गेला आणि बोरीबंदरला फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने नव्या स्टेशनाच्या कामाला हात घातला. याच बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी ठाण्याला गेली होती आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले होते. नव्या स्टेशनाचे काम हाती घेतले तेव्हा स्टीव्हन्स तिशीच्या आसपासचा. त्याने युरोपातली स्टेशने फिरून पाहिली होती आणि त्याच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवर, म्हणजे आजच्या सीएसएमटीवर, स्कॉटच्या सेंट पँक्रसची सावली आहे हे जाणकारांनी पुन्हा पुन्हा दाखवले आहे. पण त्याने एक पाऊल पुढे टाकले. स्टेशनाच्या डोक्यावर त्याने पूर्ण दगडी घुमट चढवला, आणि गॉथिकच्या अंगावर मोर, माकडे, सिंह, वाघ, पाने, वेली यांची अशी गर्दी केली की कोलोनच्या शिस्तीच्या स्थपतीने कपाळाला हात लावला असता. ही नक्षी सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली घडवली. स्टीव्हन्सच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य होते. काम दहा वर्षे चालले, खर्च सोळा लाखांवर गेला. १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली म्हणून तिचे नाव दिले. कोलोनला त्स्विर्नरने पाथरवटांची शाळा काढली होती. मुंबईत ती जागा कलाशाळेने आणि अशा बांधकामाच्या आवारांनी घेतली. फरक इतकाच की त्स्विर्नरचे शागीर्द दुसऱ्या शहरांत कॅथेड्रलचे मुख्य स्थपती झाले, आणि मुंबईचे शागीर्द बराच काळ कोणाचे तरी सहायक म्हणूनच नोंदले गेले.

बराच काळ, पण नेहमी नव्हे. स्टीव्हन्स १९०० मध्ये मलेरियाने गेला. त्याला शिवडीच्या दफनभूमीत पुरले. सीताराम खंडेराव वैद्य तोवर डी. एन. मिर्झा यांच्यासह जमशेटजी टाटांच्या ताजमहाल हॉटेलाच्या आराखड्यावर काम करत होते. वैद्यांनंतर ते काम डब्ल्यू. ए. चेंबर्सने पुरे केले आणि हॉटेल १९०३ मध्ये उघडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, ताजपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, चेंबर्सचे आणखी एक काम पूर्ण झाले: कुलाब्याच्या वोडहाउस रस्त्यावरचे जुळ्या मनोऱ्यांचे होली नेम, आजचे मुंबई आर्चडायोसीसचे कॅथेड्रल. आतली चित्रे इटालियन जेझुइट ब्रदर आंतोनिओ मोस्केनीची. गॉथिक मुंबईत पुन्हा आपल्या मूळ कामावर रुजू झाले, विद्यापीठ, हायकोर्ट आणि रेल्वे एवढे फिरून.

आणि ज्यांच्यासाठी ते बांधले गेले ते जर्मन होते. मुंबईचे कॅथलिक धर्मक्षेत्र १८५० च्या दशकापासून जर्मन जेझुइटांकडे होते. सेंट झेवियर्स कॉलेज त्यांनीच १८६९ मध्ये काढले. होली नेम उभे राहिले तेव्हा आर्चबिशप होते थिओडोर डालहॉफ, त्यांच्यानंतर हेर्मान युर्गेन्स. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तसे हे जर्मन धर्मगुरू आणि प्राध्यापक सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना स्थानबद्ध केले आणि मग बोटीत घालून मायदेशी धाडले. युर्गेन्स १९१६ मध्ये वारले. तीन वर्षे जागा रिकामी राहिली. १९१९ च्या डिसेंबरात तिच्यावर नेमणूक झाली ती ॲल्बन गुडियर या इंग्रज जेझुइटाची.